लेखणीच्या हातात पाना

आपल्या वस्त्यांमधून अलीकडे चारचाकी गाड्या उभ्या दिसतात. कुणी कर्ज काढून घेतलेली, कुणाकडे दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेली. ज्यांचे आजे-पणजे अंमलदाराच्या टांग्यापुढे धावत गेले, त्यांच्या दारात स्वतःची गाडी उभी राहिली, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण गाडी दारात येणे निराळे आणि गाडी कळणे निराळे. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गाडीचे बॉनेट स्वतः उघडून आत पाहिले आहे? पेट्रोल भरायचे, चाकांत हवा भरायची आणि अशोक विजयादशमीला धुऊन-पुसून स्वच्छ करायची, एवढाच बहुतेकांचा व गाडीचा संबंध.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी मात्र एक रविवार वेगळा गेला. आम्ही घरच्या घरी गाडीचा रेडिएटर बदलला आणि त्याच्या दोन्ही रबरी नळ्याही बदलल्या. आम्ही म्हणजे कचेरीत कारकुनी करणारे आम्ही, आमच्या पत्नी, गावाहून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आमच्याकडे राहिलेला पुतण्या आणि एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले आमचे मामा. वाचकांना वाटेल, यात लिहिण्यासारखे काय आहे? गाडी बिघडली आणि दुरुस्त केली. परंतु त्या एका रविवारी आमच्या अंगणात जी चर्चा झाली ती आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत व्हायला हवी, असे आम्हांला प्रामाणिकपणे वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

घाटात चढलेला काटा

आमची गाडी जुनी अल्टो आहे. आम्ही ती दुसऱ्या हाताने घेतली. ती नावापुरती आमची. प्रत्यक्षात ती गल्लीचीच आहे. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखले, कुणा लेकीला कळा सुरू झाल्या, की दारावर थाप पडते. त्यामुळे ही गाडी ऐन वेळी बंद पडून चालत नाही.

६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आम्ही रात्री नाशिककडे परतत होतो. गाडीत आई होती, शेजारच्या वृद्ध मावशी होत्या. कसारा घाट चढताना पुढे मालट्रकांची रांग लागलेली. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती आणि तापमानाचा काटा हळूहळू वर सरकू लागला. मामा पुढे बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “एसी बंद कर. हीटर पूर्ण चालू कर. अन् जागा मिळाली की कडेला घे.”

डिसेंबरच्या थंडीतसुद्धा गाडीत हीटर लावल्यावर घाम फुटला. पण त्यामागे कारण होते. हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटरच. तो चालू केला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत येते व तेवढा इंजिनाचा भार कमी होतो. काटा तांबड्या रेषेच्या अलीकडे थांबला. सुरक्षित जागा दिसताच गाडी थांबवली, इंजिन बंद केले आणि बॉनेट उघडून ठेवले. मागून आलेल्या एका गाडीतले गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन धावत आले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागले. मामांनी त्यांचा हात धरला.

वाचकांनी एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. दाबामुळे ते १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडले की दाब सुटतो, त्याच क्षणी पाणी उकळून उसळते आणि माणसाचे तोंड, छाती, हात भाजून निघतात. कुकरची शिट्टी काढल्याशिवाय झाकण उघडायचे नसते, हे आपल्या घरातील प्रत्येक बाईला ठाऊक असते. हा नियम तोच आहे. आम्ही जवळजवळ तासभर थांबलो, गाडी निवू दिली, मगच झाकणाला कापड लावून ते हळूच सैल केले आणि पाणी घातले. थांबत-थांबत पहाटे घरी पोहोचलो.

रेडिएटर करतो काय?

पेट्रोल जळते तेव्हा त्यातली सगळी शक्ती चाकांना मिळत नाही. मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. ती उष्णता बाहेर काढली नाही तर इंजिन स्वतःच्याच आगीत जळेल. म्हणून इंजिनाच्या पोटातून, सिलिंडरांच्या भोवतालच्या पोकळीतून पाणी खेळवलेले असते. पंप ते फिरवतो. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते. रेडिएटर म्हणजे चपट्या, बारीक नळ्यांची जाळी. नळ्यांच्या मधे पातळ पत्र्याच्या पन्हाळीसारख्या घड्या. गाडी धावताना समोरून वारा त्या जाळीतून जातो, नाहीतर मागचा विजेवरचा पंखा वारा ओढतो. पाणी निवते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जाते. मधे थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन थंड असेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि इंजिन योग्य तेवढे तापले की उघडते.

आम्ही ‘पाणी’ म्हणतो खरे, पण त्यात निव्वळ पाणी असू नये. त्यात कूलंट मिसळायचे असते. इथिलीन ग्लायकॉल हा त्याचा मुख्य घटक. थंड प्रदेशात तो पाणी गोठू देत नाही. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही, तरीही कूलंट लागतेच. कारण ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यातली रसायने धातूला गंजू देत नाहीत. बोअरवेलचे जड पाणी घातले की चहाच्या भांड्याला बसते तसे क्षारांचे पांढरे पुट आतून बसते. बारीक नळ्या चोंदतात आणि रेडिएटर असून नसल्यासारखा होतो.

‘इंजिन उघडावे लागेल!’

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी एका गॅरेजवर दाखवली. तिथल्या गृहस्थांनी बॉनेटही नीट न उघडता सांगितले, “हेड गॅस्केट गेले आहे. इंजिन उघडावे लागेल. अठरा हजार धरून चला.” अठरा हजार रुपये! कारकुनाच्या घरात हा आकडा ऐकून दोन दिवस चूल मंद पेटते.

हेड गॅस्केट जाणे ही काही काल्पनिक गोष्ट नाही. इंजिन फार तापले तर वरचा ॲल्युमिनियमचा भाग वाकतो, मधले गॅस्केट फुटते, पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतात. पण तसे झाले आहे की नाही, हे पाहता येते. तथागतांनी कालामांना जे सांगितले ते आपण विहारात दर पौर्णिमेला ऐकतो. परंपरा म्हणते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः तपासा, अनुभवाला उतरले तर स्वीकारा. हा उपदेश गॅरेजच्या दारात सोडून का यायचे?

म्हणून मामांनी गाडी अंगणात उभी केली आणि तपासणी सुरू झाली. ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल काळे होते, पण ताकासारखे फेसाळ नव्हते. म्हणजे त्यात पाणी मिसळलेले दिसत नव्हते. थंड इंजिन, झाकण काढून, चालू केले. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत नव्हते. मागून पांढऱ्या धुराचे लोट नव्हते. मग बॅटरीचा उजेड पाडून रेडिएटरची कड पाहिली. वरची व खालची टाकी प्लास्टिकची आणि मधली जाळी ॲल्युमिनियमची असते. ही दोन्ही जिथे जोडलेली असतात त्या सांध्यावर हिरवट-पांढरा वाळलेला ओघळ दिसला. तिथून पाणी झिरपत होते. राखीव डबी कोरडी ठणठणीत होती. खालची नळी दाबून पाहिली तर पंपाकडच्या टोकाला पिकलेल्या केळासारखी मऊ लागली. वरच्या नळीला क्लॅम्पच्या जवळ बारीक चिरा होत्या. झाकणाच्या आत गंजाचा तांबूस चिखल होता. गाडीच्या आधीच्या आयुष्यात कुणीतरी तिला वर्षानुवर्षे साधे पाणी पाजले होते.

मामा म्हणाले, “इंजिनाला काही झालं नाही. रेडिएटर संपलाय, नळ्या संपल्यात. हे काम आपल्या अंगणात होईल.”

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते दूर होते आणि दूर करण्याचा मार्ग आहे. आम्हांला त्या क्षणी धम्माची ही मांडणी आठवली. भीती विकणारा माणूस पहिल्या पायरीवरच आपल्याला अडवून ठेवतो. कारण शोधू लागलो की अर्धी भीती तिथेच जाते.

रविवारचे काम

नवा रेडिएटर, वरची व खालची नळी, चार नवे क्लॅम्प, नवे झाकण, दोन लिटर कूलंट आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे आपण बॅटरीत घालतो ते पाणी, एवढे सामान चार हजारांच्या आत आले. दुकानात जुन्या गाडीचे मॉडेल व साल सांगून घेतले. घरी आल्यावर नवा रेडिएटर आणि गाडीतला रेडिएटर शेजारी ताडून पाहिला. नळ्यांची तोंडे, पंख्याचे बोल्ट, खालचे खुंट जागच्या जागी आहेत ना, हे काम सुरू करण्याआधी पाहावे. सगळे उघडल्यावर सामान चुकीचे निघाले तर दिवस जातो.

मामांचे गुडघे आता वाकत नाहीत. ते खुर्ची टाकून बसले. हात चालवायचे ते पुतण्याने. आमच्या पत्नींनी वही घेतली आणि प्रत्येक बोल्ट कुठला, कुठल्या क्रमाने निघाला हे लिहायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या चार वाट्या आणल्या आणि प्रत्येकीत चिठ्ठी टाकली. पुढे जोडताना त्या चिठ्ठ्यांनी आमचा तास वाचवला.

गाडी रात्रभर थंड ठेवली होती. प्रथम दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण तार सोडवली, कारण विजेचा पंखा अचानक फिरला तर बोटे जातात. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅकने उचलून खाली पक्के स्टँड दिले. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी शिरू नये. विटांच्या थरावर तर मुळीच विश्वास ठेवू नये. वीट वजनाखाली न सांगता फुटते.

खाली घमेले ठेवून रेडिएटर रिकामा केला. सव्वातीन लिटरच्या आसपास गढूळ पाणी निघाले. मग नळ्यांची पाळी आली. वरची नळी सहज निघाली. खालची मात्र वर्षानुवर्षे चिकटून बसली होती. पुतण्या जोर लावून ओढू लागला तेव्हा मामा म्हणाले, “नळीला घाई चालत नाही, बाळा. तू ओढलीस की मान मोडेल ती पंपाची. ही नळी आपण टाकूनच देणार आहोत ना? मग ब्लेडने उभी चीर दे.” उभी चीर दिल्याबरोबर नळी केळीच्या सालीसारखी सुटून आली. जे टाकून द्यायचे ठरले आहे त्याला ओढत बसायचे नाही, चिरून मोकळे व्हायचे. मामा हे नळीबद्दल बोलले होते; आम्ही ते आणखीही पुष्कळ गोष्टींना लावून पाहिले.

पंख्याचा वायरचा जोड काढला, रेडिएटरचे वरचे बोल्ट काढले आणि पंख्यासकट तो सरळ वर उचलला. त्याच्या पुढे एसीची जाळी असते. तिच्यात गॅस भरलेला असतो, म्हणून तिला हिसका देऊ नये. रेडिएटरच्या खालचे रबरी तुकडे जागेवर राहिले आहेत ना, हे पाहिले. इंजिनात साधे पाणी सोडून आतला चिखल निघेपर्यंत धुतले, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खळबळून काढले.

नवा रेडिएटर बसवताना त्याच्या नाजूक पत्र्याला बोट लागले तरी तो वाकतो. म्हणून जाळीवर पुठ्ठा धरून तो खाली उतरवला. “क्लॅम्प आधी नळीवर चढव, नळी मग बसव,” हे मामांनी तीनदा सांगितले. तोंडाला कडेने जी उंच वळी असते, तिच्या पलीकडे क्लॅम्प यायला हवा. वळीवर बसला तर पाणी गळते. पेचही बेताने आवळायचा. फार आवळला तर क्लॅम्प रबर कापतो, नाहीतर प्लास्टिकचे तोंड चिरते.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून हळूहळू भरले. बाजारात तयार मिसळलेलेही मिळते. त्यात पुन्हा पाणी घालू नये. डब्यावरचे वाचावे आणि गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल ते वापरावे. निरनिराळे रंग एकत्र करू नयेत. स्टँड काढून गाडी जमिनीवर घेतली, बॅटरीची तार जोडली. झाकण उघडे ठेवून, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू केले. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येऊ लागली, पातळी खाली गेली, तसे आणखी घातले. काही वेळाने वरची नळी हाताला एकदम गरम लागली. म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबले तसे पातळी भरून झाकण बसवले. पुढे थोड्या वेळाने पंखा आपोआप सुरू झाला आणि आपोआप बंदही झाला. पुतण्याच्या तोंडावर त्या वेळी जे हसू आले, ते गेल्या दोन वर्षांत आम्ही पाहिले नव्हते.

आईचा प्रश्न

हे सर्व चालू असताना आई ओट्यावर बसून पाहत होती. बराच वेळ ती बोलली नाही. मग पुतण्याचे कोपरापर्यंत काळे झालेले हात पाहून तिला राहवले नाही. ती म्हणाली, “बाबासाहेबांनी तुमच्या हाती लेखणी दिली, अन् तुम्ही पुन्हा हातोडी धरता व्हय? एवढं पंधरावी शिकवून पोरानं हात काळेच करायचे का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिच्या वडिलांनी येसकराची काठी हातात धरलेली होती. गावची मेलेली जनावरे ओढली होती. महार वतन कायद्याने रद्द झाले ते १९५८ साली. तोवर ते काम ‘तुमचे’च होते, आवडो न आवडो, येवो न येवो. त्या पिढीला हाताचे काम म्हणजे अपमान, आणि खुर्चीवरचे काम म्हणजे सुटका, असे वाटले तर त्यात तिचा काय दोष? आमची कारकुनीसुद्धा त्याच सुटकेचे फळ आहे. तिची थोरवी आम्ही नाकारणार नाही.

पण उत्तर मामांनी दिले. मामा म्हणाले, “अक्का, हातोडी वेगळी अन् पाना वेगळा. आपल्या आज्याला झाडू मिळाला, पाटी मिळाली. पाना कुणी दिला होता?”

मामांचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. नाशिक जिल्ह्यातच मनमाडला १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी सांगितले ते याच परिषदेत. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या कार्यशाळांचीही परिस्थिती मांडली होती. आपला माणूस तिथे हमाल म्हणून राबे, पण कितीतरी विभागांची दारे त्याला बंद होती. मेकॅनिकची जागा त्याला क्वचितच मिळे आणि फोरमनची तर कधीच नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतही हेच होते. विणकाम खात्यात पगार अधिक, पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या नावाखाली आपल्या लोकांना ते खाते बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.

याचा अर्थ काय? आपल्याला कष्ट करू दिले गेले, कसब शिकू दिले गेले नाही. ओझे दिले, यंत्र दिले नाही. ‘जातिभेद निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही. ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. वाईट होते ते हाताने काम करणे नव्हे. वाईट होते ते जन्मावरून काम लादणे आणि जन्मावरूनच शिकण्याची वाट अडवणे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. एसटीच्या कार्यशाळेत मामा मेकॅनिक झाले, ते मनमाडच्या परिषदेने मागितलेल्या त्या हक्काचे चालते-बोलते रूप आहे. त्यांच्या हातचा पाना फुकट मिळालेला नाही.

पुतण्या हे सगळे ऐकत होता. बी.ए. झाल्यावर दोन वर्षे तो विहाराच्या अभ्यासिकेत बसतो आहे. जागा थोड्या, अर्ज अमाप. त्यातही पुष्कळ कामे आता कंत्राटावर गेली. दर निकालाला त्याची मान थोडी आणखी खाली जाते. हात धुता धुता त्याने विचारले, “काका, आयटीआयला मोटार मेकॅनिकला गेलो तर लोक म्हणतील, परीक्षा जमली नाही म्हणून गेला.”

आम्ही त्याला एवढेच म्हणालो, “लोकांना काय म्हणायचे ते म्हणू दे. तुला आज जे जमले ते गल्लीतल्या किती जणांना जमते, ते मोज.” त्याच्या काकू म्हणाल्या, “अन् अभ्यास सोड असं कोण म्हणतंय? दोन्ही दारं उघडी ठेव.” निर्णय त्याचा आहे, तो त्यानेच घ्यावा. पण ज्या दाराकडे तो लाजेने पाहत नव्हता, त्या दाराकडे तो आता सरळ पाहतो, हे आम्हांला फार वाटते.

गटारात जाणारे विष

एक काम उरले होते. घमेल्यातले जुने कूलंट टाकायचे कुठे? शेजारचा एक मुलगा सहज म्हणाला, “गटारात ओता.” आम्ही थांबवले. इथिलीन ग्लायकॉल हे विष आहे. चवीला गोडसर असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. लहान मुलाच्या तोंडात गेले तर जीव धोक्यात येतो. आणि त्या गटारात उतरतो कोण? हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात उतरून मरणाऱ्या माणसांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. ती माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे वाचकांना सांगायला नको. आपल्या गाडीचे विष आपल्याच भावाच्या अंगावर ओतायचे का? शिवाय आपली गटारे शेवटी गोदावरीलाच मिळतात.

ते सगळे झाकणाच्या डब्यात भरले, वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहिले, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारून तिथल्या टाकाऊ द्रवांच्या पिंपात दिले. जमिनीवर सांडलेले थेंब पाण्याने धुतले नाहीत; माती टाकून टिपून घेतले. सम्यक आजीविका म्हणजे आपल्या पोटासाठी दुसऱ्याला इजा न करणे. तो नियम अंगणातल्या कामालाही लागू आहे.

आता वाचकांसाठी थोडेसे

१ जानेवारीला आम्ही याच गाडीने भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेलो. चंदनापुरीचा घाट चढताना सगळ्यांचे डोळे काट्यावर होते. तो मध्यावरून हलला नाही. आई मागच्या सीटवरून म्हणाली, “पोरानं नळी बरी बसवली हो.” तिच्या तोंडून हे निघाले, त्यापुढे पुतण्याला दुसऱ्या प्रशस्तिपत्रकाची गरज नव्हती.

प्रत्येकाने रेडिएटर घरीच बदलावा, असे आम्ही म्हणत नाही. सोबत मामांसारखा जाणता नसेल तर चांगल्या मेकॅनिककडे जावे आणि त्याच्या कसबाचे योग्य मोल द्यावे. तोही कष्टकरीच आहे. पण एवढे तर प्रत्येक घराला जमेल: आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, राखीव डबीतली पातळी दोन रेषांच्या मधे आहे का पाहणे, दोन्ही नळ्या बोटांनी दाबून त्या मऊ पडल्या, फुगल्या किंवा चिरल्या आहेत का पाहणे, गाडी उभी होती त्या जागी ओला डाग आहे का पाहणे. पाच मिनिटांचे काम आहे. आणि कुणी ‘इंजिन उघडावे लागेल’ म्हणाले, तर ‘कशावरून?’ हा एक प्रश्न विचारणे.

आमच्या विहाराच्या समितीपुढे आम्ही एक सूचना ठेवली आहे. महिन्यातल्या एका रविवारी, वंदना झाल्यावर, दोन तास हाताच्या कामाचा वर्ग घ्यावा. कुणी वीजेचे काम जाणणारा, कुणी नळाचे, कुणी गाडीचे. आपल्या समाजात रेल्वे, एसटी, एकलहरे वीज केंद्र, सातपूर-अंबडचे कारखाने यांतून निवृत्त झालेले कितीतरी जाणते कामगार घरी बसून आहेत. त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही. वर्गात मुलगे यावेत तशा मुलीही याव्यात. दहा नंबरच्या पान्याला मुलगा-मुलगी कळत नाही. विहाराच्या कपाटात ग्रंथ आहेत. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात पान्यांचा एक संच, एक जॅक आणि दोन स्टँड ठेवले, तर खर्च फार नाही. आम्ही आमच्याकडून पाना-संचापुरते पैसे जमा केले आहेत. इतर वस्त्यांतील मंडळांनीही असे काही सुरू केले असल्यास या साप्ताहिकाकडे जरूर कळवावे. एकमेकांचे पाहूनच आपण इथवर आलो आहोत.

जय भीम!